अत्यावश्यक नसलेला माल

मुंबईत अवजड वाहनांनी कधी यावं याबद्दल शहराचं मत स्वच्छ आहे: येऊ नये. अवजड वाहनातला माल मात्र वेळेवर यावा, याबद्दलही शहर तेवढंच ठाम आहे. या दोन्ही मतांचा मान राखून मी गाडी चालवतो. गाडी सहाचाकी, बावीस फुटी. मागे टाइल्सची खोकी आणि पेंढ्या-पुठ्ठ्यात बांधलेले कमोड. भिवंडीत भरायचं, मुंबईत खाली करायचं. मध्ये अडचण एकच, घड्याळ.

भिवंडीतच गोदामं कशाला, असं एखादी पार्टी वैतागून विचारते. मुंबईला जकात होती तेव्हा विक्रीआधीच पैसा अडकू नये म्हणून व्यापारी वेशीबाहेर माल ठेवायला लागले. मानकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर इथली शेतं बघता बघता पत्र्याखाली गेली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, नाक्यावरची रांग गेली. गोदामं जागची हलली नाहीत. पूर्वी आम्ही नाक्यावर पावतीसाठी थांबायचो, आता अकरा वाजण्यासाठी थांबतो. पावतीचं एक बरं होतं. मागे लागलं, ओळख काढली, की ती थोडी लवकर मिळायची. अकराला ओळख लागत नाही.

शहरात सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ अवजड वाहनांना बंदी, आणि दक्षिण मुंबईत तर सकाळी सात ते रात्री बारा, असा आदेश २०२५ च्या सुरुवातीला निघाला. त्यातून सूट कोणाला, याची यादी आहे. भाजीपाला, दूध, पिण्याच्या पाण्याचे टँकर, पेट्रोल-डिझेल, रुग्णवाहिका, सरकारी गाड्या, आणि ब्रेड. यादीबद्दल माझी तक्रार नाही. रुग्णवाहिकेला वाट द्यावीच. सकाळी चहाबरोबर पाव मिळाला नाही तर मुंबई कामावर जाणार नाही, हेही मान्य. एवढंच नम्रपणे निदर्शनास आणतो, की पावाचा प्रवास बेकरीपासून तोंडापर्यंत अत्यावश्यक आणि तिथून पुढचा ऐच्छिक, असं शरीराचं काही धोरण नाही. कमोडला यादीत घ्या असं मी म्हणत नाही. यादी करणारे त्या दिवशी घरून कसे निघाले होते, एवढं कळलं तर बरं होईल.

तर साडेदहाच्या सुमाराला वेशीच्या अलीकडे आम्ही सगळे ओळीनं उभे असतो. कोणी टायर हातोडीनं वाजवून बघतोय, कोणी ताडपत्रीची रस्सी पुन्हा आवळतोय, कोणी स्टिअरिंगवर डोकं टेकलंय. अकराला पाच कमी असताना पहिलं इंजिन सुरू होतं. ते ऐकून दुसरं. अकराच्या ठोक्याला सगळी ओळ एकाच वेळी रस्त्यावर येते. गर्दीची वेळ टाळायला थांबलेल्या सगळ्यांची मिळून ही जी गर्दी होते, तिची बातमी रेडिओवर नसते. तिच्यात अडकलेला कारवाला काच खाली करून विचारतो, "या वेळेला कशाला आलात रे सगळे एकदम?" त्याला आदेशाची प्रत दाखवावी असं फार वाटतं. पण तेवढ्यात त्याच्या पुढची गाडी वीतभर सरकते आणि त्याला जावं लागतं.

आणि हे फक्त मुंबईचं घड्याळ. ठाण्याचं पोलीस आयुक्तालय वेगळं, नवी मुंबईचं वेगळं, मीरा-भाईंदर, वसई-विरारचं २०२० पासून आणखी वेगळं. ज्याचं आयुक्तालय त्याच्या वेळा. एका हद्दीत बंदी उठल्याच्या आनंदात निघावं, तर पुढच्या हद्दीत ती नुकतीच बसलेली असते. प्रत्येकाच्या आदेशात वाहतूक सुरळीत व्हावी हाच हेतू असतो. वाहतूक म्हणजे कोणाची, हे प्रत्येक आदेशात गृहीत धरलेलं असतं.

यावर सगळ्यांचा एक सल्ला असतो. पहाटे निघायचं. हा सल्ला देणारे त्या वेळी झोपलेले असतात, त्यामुळे तो त्यांना अनुभवानं सुचलेला नसतो. पहाटे चारला भिवंडी सोडली तर पूर्व द्रुतगती मार्ग मोकळा मिळतो, हे खरं आहे. खारेगाव, साकेतचा पूल, माजिवडा, तीन हात नाका, आनंदनगरचा टोल, कांजूर, विक्रोळी, छेडानगर. सगळं पाण्यासारखं. सहाच्या आत मी चेंबूरला पोचलेला असतो आणि तिथे माझी वाट कोणीही बघत नसतं. सोसायटीत दहाच्या आधी माल उतरवायची परवानगी नाही. दुकानाचं शटर साडेदहाला वर जातं, शेठ येतात अकराला. आठच्या आत शहराबाहेर पडावं, तर माल मागे जसाच्या तसा. आत थांबावं, तर कुठे? रस्त्याच्या कडेला उभं राहिलं तर टोइंगवाला येत नाही, आमची गाडी त्याला उचलत नाही, एवढाच काय तो अवजड असण्याचा फायदा. पण फोटो काढायला वजन लागत नाही. ई-चलान मालकाच्या मोबाइलवर जातं, मालकाचा फोन माझ्या मोबाइलवर येतो.

या चार तासांत माणसाला एक गरज पडते. तिच्यासाठी मी दोन चौक पलीकडे सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत सुट्टे पैसे घेऊन उभा असतो. गाडीजवळ क्लीनर थांबतो, कमोड राखायला.

सोसायट्यांचं शास्त्र वेगळं आहे आणि त्याचा मी अलीकडे बराच अभ्यास केला आहे. बहुतेक ठिकाणी दुरुस्तीची कामं आणि मालाची चढउतार दहा ते एक, मग चार ते सहा. एक ते चार सोसायटी आडवी होते. रविवारी पूर्ण बंद. शनिवारबद्दल मतभेद आहेत, ते वार्षिक सभेत सुटतात असं म्हणतात. आता शहराचा आदेश आणि सोसायटीची पाटी शेजारी शेजारी ठेवली, तर दोघांचं एकमत होतं अशा वेळा उरतात दोन. अकरा ते एक, आणि चार ते पाच. अवजड गाडीतून या शहराच्या घराघरांत जे काही नवं जातं, ते एवढ्या तीन तासांत गेटातून आत जायचं असतं. त्यातला पहिला तास मघाच्या त्या रांगेत जातो.

चेंबूरच्या अशाच एका गेटवर बाराच्या सुमाराला पोचलो. वॉचमननं वहीत नाव, गाडी नंबर, फ्लॅट नंबर, कामाचं स्वरूप सगळं लिहून घेतलं. 'कामाचं स्वरूप' या रकान्यात त्यानं 'पर्सनल' लिहिलं. मग सेक्रेटरीकाका खाली आले.

"अहो, ट्रक आत नाही आणायचा."

"काका, माल जड आहे. जिन्यापर्यंत येऊ द्या, लगेच खाली करतो."

"पेव्हर ब्लॉक खचतात. खाली टाकी आहे पाण्याची. जनरल बॉडीत ठराव झालाय."

"बरं, मग इथे बाहेरच लावतो."

"बाहेर? बाहेर कशी लावता? आमच्या गाड्या कशा निघणार?"

"मग लावू कुठे?"

"ते तुम्ही बघा. मागच्या वेळी छोटा टेम्पो आला होता."

हा छोटा टेम्पो मला प्रत्येक गेटवर भेटतो. मागच्या वेळी तो आलेला असतो, त्याचा आवाज झालेला नसतो, त्यानं ब्लॉक खचवलेले नसतात आणि तो गेल्याचं कोणाला कळलेलंही नसतं. दक्षिण मुंबईच्या मालाचं तर आम्ही तसंच करतो. वेशीवर गाडी खाली करून छोट्या टेम्पोंत माल वाटायचा. एका ट्रकच्या जागी पाच टेम्पो रस्त्यावर आले की रस्ता मोकळा होतो, असा त्यामागचा हिशेब आहे. माझं गणित दहावीपर्यंतचं आहे, त्यामुळे हा हिशेब मला झेपत नाही. भाडं कोणी द्यायचं हा पुढचा प्रश्न. गोदाम म्हणतं पार्टीनं, पार्टी म्हणते दरात धरलेलं आहे, आणि दोघंही मला सांगतात की तू त्यात पडू नकोस. मी पडत नाही. फक्त तो सुटेपर्यंत गाडीत बसून राहतो.

शेवटी गाडी गेटाच्या तोंडाशी तिरकी लावली. फाळका पाडला. दोन फूट बाय दोन फूट टाइलचं खोकं पंचवीस किलोच्या वर भरतं, हमाल ते पाठीवर घेऊन लिफ्टपाशी गेले आणि तिथली पाटी वाचून परत आले. टाइल्स, सिमेंट, रेती लिफ्टनं नेऊ नये. पाटी नवी होती, लिफ्टही नवी होती. फ्लॅट चौथ्या मजल्यावर. मग हमाली किती मजल्यांची धरायची यावर बोलणी सुरू झाली. तळमजला हा मजला आहे की नाही, या प्रश्नावर एका बाजूला हमाल आणि दुसऱ्या बाजूला फ्लॅटवाल्या ताई, दोघांकडेही बिनतोड मुद्दे होते. राज्यात १९६९ सालचा माथाडी कायदा आहे, पण तळमजल्याच्या बाबतीत तो काही बोलत असेल असं वाटत नाही. वाराई, म्हणजे ही हमाली, ठरेपर्यंत साडेबारा झाले. एकला वॉचमननं शिट्टी वाजवली. अर्धं बाथरूम वर गेलं होतं, अर्धं गाडीत होतं. "आता चारला," तो म्हणाला, आणि खुर्ची सावलीत ओढून बसला.

हे तीन तास कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. गेटाच्या तोंडाशी उभं राहायचं नाही, म्हणून मी गाडी फिरवत होतो. रिकामी जागा शोधत सहाचाकी घेऊन फिरणं हे शहराची वाहतूक सुरळीत ठेवण्यातलं माझं योगदान.

गर्दीतल्या चालवण्याबद्दल एक तक्रार आहे, ती नोंदवून ठेवतो. भरलेली गाडी जागच्या जागी थांबत नाही. ब्रेक दाबला तरी मागचं वजन थोडा वेळ स्वतःच्या मताप्रमाणे पुढे जात राहतं. म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावं लागतं. मी ते ठेवतो. त्या अंतरात एक कार येते. मी कारपासून अंतर ठेवतो, त्यात रिक्षा येते. रिक्षापासून ठेवतो, त्यात दोन मोटरसायकली येतात आणि त्यातला एक मागे वळून माझ्याकडे बघतो, हा ट्रक पुढे का सरकत नाही म्हणून. गाडी चालू आहे, पहिला गिअर आहे, पाय क्लचवर आहे, आणि हिशेब केला तर मी हळूहळू भिवंडीकडे चाललोय. क्लचप्लेट मात्र पुढे जात असते. तिचं बिल मालक मला दाखवतो.

पूर्वी उलट्या दिशेनं जाणारा माणूस सुखी होता. सकाळी लोंढा दक्षिणेकडे, संध्याकाळी उत्तरेकडे, मध्ये दुभाजक, आणि पलीकडची बाजू मोकळी. मग वांद्रे-कुर्ला संकुल आलं, अंधेरी, पवई, ऐरोली सगळीकडे ऑफिसं झाली. आता दोन्ही बाजू सारख्याच तुंबलेल्या असतात. समानता आली, तक्रार करायची सोय राहिली नाही.

मोबाइलमधली नकाशावाली बाई मदत करायला बघते. तिच्याकडे दुचाकीवाल्यांसाठी वेगळी वाट आहे, पायी चालणाऱ्यांसाठी आहे, बसवाल्यांसाठी आहे. बावीस फुटी गाडीसाठी नाही. ती मला कार समजते आणि त्याच आपुलकीनं गल्लीत घालते. 'सात मिनिटं वाचतील' असं म्हणते आणि पुढे उंचीचा लोखंडी आडवा खांब लागतो. ती सात मिनिटं तिनं त्या वेळी रस्त्यात असलेल्या बाकी सगळ्यांनाही दिलेली असतात, त्यामुळे मागे वळून बघावं तर रिव्हर्सलाही जागा नसते. क्लीनर उतरतो, हात हलवत "येऊ द्या, येऊ द्या" करतो, आणि गल्लीतली सगळी माणसं आपापली मतं घेऊन बाहेर येतात.

तेवढ्यात गोदामातून फोन येतो. डिस्पॅचला बसणाऱ्या पोराच्या स्क्रीनवर जीपीएस आहे. माझी गाडी त्याला ठिपका म्हणून दिसते.

"भाऊ, गाडी हलत नाहीये."

"माहितीये. मी त्या ठिपक्यातच बसलोय."

"पार्टी विचारतेय किती वेळ. काय सांगू?"

"सांग निघालाय."

"ते सकाळीच सांगितलंय."

रात्री का नाही करत, असंही काही जण सुचवतात. रात्री नऊला बंदी उठते. दहानंतर आवाज करायचा नाही, ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, त्यात रात्र म्हणजे दहा ते सहा असं लिहिलेलं आहे. टाइल्सचं खोकं जमिनीवर अलगद टेकवता येतं, फाळका नाही. म्हणजे रात्रीचा सगळा व्यवहार नऊ ते दहात. त्या तासात हमाल घरी जायची लोकल पकडत असतात, शेठचं शटर खाली असतं आणि सोसायटीनं सहालाच काम थांबवलेलं असतं. बाकी तास अगदी निर्विघ्न आहे.

टोलचंही सांगून टाकतो. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर कारना टोल माफ झाला. मुंबईकरांना आनंद झाला, मलाही झाला. कारवाल्यांचा प्रवास स्वस्त झाला म्हणजे ते जास्त येणार, आणि त्यांना अडथळा नको म्हणून आम्ही बाजूला थांबणार. आमच्याकडून टोल घेतात. रस्ता वापरण्याबद्दल तो असतो असं मी समजत होतो. आता वाटतं, रस्त्याकडे बघण्याबद्दल असावा. अटल सेतूवर चढता येतं, पण पुढे पूर्व मुक्त मार्गावर अवजड गाडी चालत नाही. कोस्टल रोड तर आम्ही फक्त फोटोत पाहिला आहे. फार छान दिसतो, एकही ट्रक नाही त्यावर.

आमच्या गाड्यांमागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेलं असायचं. राज्यानं २०१५ मध्ये ते पुसायला लावलं, त्यामुळे लोक उगीच हॉर्न वाजवतात म्हणून. पुसलं. आता लोक कोणाच्याही सांगण्याशिवाय वाजवतात.

तर चार वाजता मी पुन्हा त्या गेटवर होतो. वॉचमननं नवी नोंद केली, कारण पहिली नोंद दुपारच्या आधीची होती. हमालांपैकी एक जण निघून गेला होता, उरलेल्यांनी वाराईत त्याचा वाटा आपसांत धरला. उरलेलं बाथरूम वर गेलं. साडेचार वाजले. बिल्टीवर सही घेतली की पाचच्या आत हद्दीबाहेर नाही, पण निदान मोठ्या रस्त्याला लागता येईल अशा हिशेबानं मी कागद घेऊन चौथ्या मजल्यावर गेलो. जिन्यानं गेलो. लिफ्ट रिकामी होती, पण माझ्या कपड्यांवर टाइल्सची पावडर होती.

ताई खोकं उघडून बसल्या होत्या.

"अहो दादा, हा आयव्हरी आहे."

"हो, ताई."

"आम्ही स्नो व्हाइट सांगितला होता. हा परत न्यायला लागेल."

डिस्पॅचच्या पोराला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊ, घेऊन या, उद्या अकराला दुसरा पाठवू." हमाल कमोड घेऊन चार मजले उतरले, उतरायची वाराई वेगळी ठरली. गेटवर वॉचमननं हात आडवा केला. सोसायटीतून बाहेर जाणाऱ्या सामानाला गेटपास लागतो, त्यावर सेक्रेटरींची सही लागते, आणि सेक्रेटरीकाका फिरायला गेले होते. ते आले तेव्हा पाचला दोन मिनिटं कमी होती. चष्मा काढून त्यांनी गेटपास सावकाश वाचला, कमोडकडे पाहिलं, सही केली.

"आता निघालात का?"

"नाही काका, पाच वाजले. आता नऊशिवाय गाडी हलवता येणार नाही."

"म्हणजे चार तास इथेच?"

"तसा आदेश आहे."

काकांनी रस्त्याकडे पाहिलं, मग गेटाकडे, मग घड्याळाकडे.

"आदेश असेल तर थांबा," ते म्हणाले. "पण साडेपाचला आमच्या गाड्या यायला लागतात."